सात प्लस, सात मायनस

कोयलीची रिफायनरी ऑक्टोबर १९६५ मध्ये सुरू झाली. बडोद्याच्या वेशीवरचे हे काम सोव्हिएत तंत्रज्ञांच्या मदतीने उभे राहिले होते. त्या पिढीच्या कारखान्यांत सिग्नल वाहून नेण्याचे काम बव्हंशी हवेकडे असे. टाकीतला दाब मोजणारे उपकरण ०.२ ते १ किलो दाबाची हवा तांब्याच्या बारीक नळीतून कंट्रोल रूमकडे पाठवी आणि तिथला काटा हाले. गळती झाली तर फुसफुस ऐकू येई. नळी भलत्याच जागी जोडली गेली असेल, तर तिच्या मागोमाग चालत जाऊन चूक सापडे.

पुढे हवेची जागा विजेने घेतली. दोन तारा, २४ व्होल्ट आणि त्यांतून वाहणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह: मोजमापाच्या तळाला ४, माथ्याला २०. १९७५ मध्ये हनीवेलने टीडीसी २००० आणि योकोगावाने सेंटम बाजारात आणली. आज ज्यांना सगळे डीसीएस म्हणतात, त्या संगणकीय नियंत्रणप्रणालींची ही सुरुवात. काट्यांनी भरलेल्या भिंती गेल्या आणि पडदे आले. पडद्यांच्या मागच्या खोलीत मात्र कपाटांच्या रांगा वाढल्या आणि कपाटांत हजारो तारा आल्या, सगळ्या एका मापाच्या आणि एका चेहऱ्याच्या. अशी तार ओळखायची ती तिच्या टोकाला चढवलेल्या आकड्यावरून.

हा आकडा कोण ठरवतो, कधी ठरवतो आणि संगणकात तो कसा भरायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. ऐकायला रुक्ष आहे, हे कबूल. पण कारखाना बांधून झाल्यावर तो प्रत्यक्ष चालू होईपर्यंतचा जो अस्वस्थ काळ असतो, त्यातले बरेच दिवस याच आकड्यांनी खाल्लेले असतात किंवा वाचवलेले असतात.

आधी ही वस्तू समजून घेऊ. टर्मिनल म्हणजे प्लास्टिकच्या आवरणातला धातूचा छोटा तुकडा. त्याला दोन बाजूंना दोन स्क्रू. एका बाजूने आलेली तार एका स्क्रूखाली, दुसऱ्या बाजूने जाणारी दुसऱ्याखाली. अशी टर्मिनले ३५ मिलिमीटर रुंदीच्या लोखंडी पट्टीवर शेजारी शेजारी बसवली, की टर्मिनल स्ट्रिप तयार होते. सुटी टर्मिनले हवी तितकी जोडत जायची ही कल्पना १९२८ ची. जर्मनीतल्या एसेन शहरात ह्यूगो क्नूमान यांच्या फिनिक्स कंपनीने आरडब्ल्यूई या वीज कंपनीच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आणली. बडोद्याला ही वस्तू परकी नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एलमेक्स कंपनी टर्मिनले बनवते. तिचे नाव देशभरातल्या पॅनेल शॉपमध्ये ठाऊक आहे. आपल्याकडे डोंबिवलीच्या एमआयडीसीतली कनेक्टवेलही याच धंद्यातली.

सर्वसाधारण २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेसाठीचे टर्मिनल जेमतेम ५ मिलिमीटर जाड असते. त्यावर आकड्याची चकती बसते, तीही तेवढीच रुंद. तिच्यावर तीन अक्षरे नीट वाचता येतात, चार कशीबशी. ऑफिसात बसून 'जेबी१२०१-टीबी०१-०७पी' असे देखणे नाव योजणाऱ्याने ही चकती एकदा हातात धरून पाहावी. शिवाय १ ते १०, ११ ते २० अशा छापील चकत्यांच्या पट्ट्या दुकानात तयार मिळतात. वेगळे काही हवे असेल तर छापून घ्यावे लागते. पॅनेल बनवणाऱ्याला सरळ १, २, ३ इतके प्रिय का असतात, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे.

आता एका सिग्नलचा प्रवास पाहू. कारखान्यात कुठेतरी एक प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून सिग्नल पाठवणारे उपकरण आहे. त्याला पीटी-१२०१ म्हणू. त्याच्यातून निघालेली एका जोडीची केबल जवळच्या जंक्शन बॉक्समध्ये जाते. या पेटीला सगळेच जेबी म्हणतात. आसपासच्या दहा-बारा उपकरणांच्या केबली याच पेटीत येतात आणि तिथून बारा जोड्यांची एक जाड केबल कंट्रोल रूमकडे निघते. तिकडे ती मार्शलिंग कपाटाच्या स्ट्रिपवर उतरते. त्या स्ट्रिपवरून दुसऱ्या स्ट्रिपवर आणि तिथून डीसीएसच्या कार्डावर. ट्रान्समीटर सोडला तर त्याच दोन तारा वाटेत तीनदा टर्मिनलवर टेकतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना आकडा द्यावा लागतो.

प्रत्येक जोडीबरोबर एक शील्डची तारही असते. बाहेरच्या विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरू नये म्हणून जोडीभोवती फॉइल गुंडाळलेले असते, त्याची ही तार. तिला अर्थिंग एकाच टोकाला, बहुधा कंट्रोल रूमकडे द्यायचे असते, म्हणून जेबीमध्ये ती जमिनीला न टेकवता पुढे न्यावी लागते. तिलाही टर्मिनल लागते. म्हणजे बारा जोड्यांच्या जेबीत प्लस, मायनस आणि शील्ड मिळून ३६ टर्मिनले. सगळ्या केबलीवर मिळून एक सामाईक शील्ड असेल तर ३७.

या ३६ जणांना आकडे कसे द्यायचे? पहिली रीत सरळ: १ ते ३६. सातव्या जोडीला मग १९, २०, २१ येतात. दुसरी रीत: सिग्नलच्या तारांना १ ते २४ आणि शील्डना वेगळे एस१ ते एस१२. सातवी जोडी झाली १३, १४ आणि एस७. तिसरी रीत: जोडीचा आकडा तोच टर्मिनलचा, पुढे फक्त चिन्ह. सातवी जोडी ७+, ७− आणि ७एस.

पहिल्या दोन्ही रीतींत मनातल्या मनात गणित आहे. तिसऱ्या रीतीत नाही. आणि हे गणित कोण करतो ते पाहायला हवे. लूप चेकिंगच्या, म्हणजे सिग्नलचा सगळा रस्ता टोकापासून टोकापर्यंत तपासण्याच्या वेळी एक माणूस जेबीपाशी उन्हात उभा असतो, दुसरा कंट्रोल रूममध्ये, दोघांच्या हातात वॉकी-टॉकी. एक बिहारचा, दुसरा भरूचचा, दोघांचा साहेब नाशिकचा. बोलणे हिंदीत, मध्येच गुजराती. 'सात प्लस खोलो' म्हटले की केबलची सातवी जोडी, स्ट्रिपवरचे सातवे घर आणि ड्रॉइंगवरची सातवी रेघ एकच असतील, तर कुणी कुणाला पुन्हा विचारत नाही. 'उन्नीस खोलो' म्हटले, तर उन्नीस म्हणजे कुठली जोडी हे कुणीतरी बोटांवर मोजतो, आणि दिवसाच्या शेवटी चुकतो. माझा कौल तिसऱ्या रीतीला आहे. चकत्या छापून घ्याव्या लागल्या तरी चालेल. ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये १ ते ३६ लिहिलेले असेल, तर अर्थातच १ ते ३६. तिथे आपला कौल खिशात ठेवायचा.

वॉकी-टॉकीवरून आठवले: नावांत अक्षरे वापरायची असतील तर इंग्रजी 'आय' आणि 'ओ' टाळा, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. आंतरराष्ट्रीय मानकांतही ही दोन अक्षरे वगळलेली आहेत. बी, डी, पी, टी ही अक्षरे दिसायला वेगळी, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात सगळी एकच.

बडोद्यात हे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर होते याला कारण आहे. कोयलीपाठोपाठ जीएसएफसीचा खतकारखाना आला, १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली, आणि शहराच्या पश्चिमेला व उत्तरेला रसायनांचा पट्टा तयार झाला. कारखाने आले तसे त्यांना लागणारे पॅनेलवाले, केबलवाले, चाचणीवाले आले. मकरपुऱ्यातली एर्डा ही विद्युत संशोधन आणि चाचणी संस्था १९७४ ची. मग कारखाने कागदावर उभे करणारी ऑफिसे आली. लार्सन अँड टुब्रोची नॉलेज सिटी हायवेलगत आजवा आणि वाघोडिया चौकड्यांच्या मध्ये आहे. लिंडे इंजिनिअरिंगचे मोठे ऑफिसही याच शहरात. आखाती देशातल्या वाळवंटात उभ्या राहणाऱ्या कपाटांतल्या स्ट्रिपचे आकडे इथल्या वातानुकूलित हॉलमध्ये ठरू शकतात.

ड्रॉइंगची परंपरा शहराला त्याहून जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्राचार्य. रंगकाम, यंत्रकाम, आरेखन असे हाताला काम देणारे विषय तिथे शिकवले जात. आपले दादासाहेब फाळके या कलाभवनाचेच विद्यार्थी. याच संस्थेतून पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा वाढली, आणि त्या इमारतीला लोक आजही कलाभवनच म्हणतात.

ड्रॉइंग बोर्डाच्या काळात प्रत्येक लूपचा एक कागद असे, लूप डायग्राम. त्याच तारेचा आकडा जेबीच्या वायरिंग ड्रॉइंगवर वेगळा लिहावा लागे, मार्शलिंगच्या ड्रॉइंगवर वेगळा, केबल शेड्यूलमध्ये वेगळा. चार कागदांवर चार वेळा लिहिलेला आकडा एका दुरुस्तीनंतर तीनच ठिकाणी बदलला जाई. त्या काळातल्या साइटवरच्या भांडणांचे मूळ बहुधा तो चौथा कागद असे.

इन्स्ट्रुमेंटेशनची सॉफ्टवेअर आली ती हा चौथा कागद नाहीसा करायला. इनटूल्स हे त्यांतले गाजलेले नाव. इंटरग्राफकडे आल्यावर पुढे ते स्मार्टप्लँट इन्स्ट्रुमेंटेशन झाले. २०१० मध्ये हेक्सागॉनने इंटरग्राफ विकत घेतली. ऑफिसात मात्र जुनी मंडळी अजून इनटूल्सच म्हणतात. अवेव्हा इन्स्ट्रुमेंटेशन, सीमेन्सचे कॉमॉस, ईप्लॅन ही इतर नावे. सगळ्यांत मूळ कल्पना एक: आकडा एकदाच डेटाबेसमध्ये भरायचा, सगळी ड्रॉइंगे त्यावरून निघतील. पॅनेलच्या पोटात स्ट्रिप, स्ट्रिपच्या पोटात टर्मिनल, टर्मिनलच्या डाव्या आणि उजव्या बाजूला तार. सॉफ्टवेअरमधली रचना कपाटातल्यासारखीच.

सोय मोठी, पण तिच्यात एक धोकाही आहे. चार ठिकाणी लिहिलेली चूक निदान एकमेकींशी न जुळल्यामुळे उघडी पडे. एकाच ठिकाणी भरलेला चुकीचा नियम चारही कागदांवर बिनचूक उतरतो.

म्हणून पहिली केबल काढण्याआधी डेटाबेसची एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. तिथे टर्मिनलला दोन वेगवेगळ्या ओळखी असतात. एक त्याचा क्रम: स्ट्रिपवर ते कितव्या जागी आहे. दुसरा त्याचा आकडा, म्हणजे चकतीवर काय छापले आहे. नवख्या माणसाला हे दोन्ही एकच वाटतात, कारण सरळ १, २, ३ असते तेव्हा ते सारखेच दिसतात. पण क्रम ही संख्या आहे आणि आकडा हा मजकूर आहे. मजकूर असल्यामुळेच त्यात '७+' लिहिता येते, 'एस७' लिहिता येते.

मजकुराचा स्वभाव मात्र विचित्र. संगणकाला मजकूर चढत्या क्रमाने लावायला सांगितला की तो पहिले अक्षर पाहतो, मग दुसरे. त्यामुळे १ नंतर १०, ११, १२ येतात आणि मग २. टर्मिनलचा अहवाल क्रमाऐवजी आकड्यावर लावला, तर स्ट्रिप कागदावर अशी उलटसुलट छापली जाते, आणि तो कागद पॅनेल शॉपमध्ये गेला तर एखादा प्रामाणिक वायरमन स्ट्रिप तशीच बांधून मोकळा होतो. उपाय दोन. अहवाल नेहमी क्रमावर लावावा. आणि शक्य तिथे आकडे ०१, ०२ असे सारख्या रुंदीचे ठेवावे. दोन्ही केलेले बरे, कारण सहा महिन्यांनी तो अहवाल कोण कुठल्या एक्सेलमध्ये ओतेल, सांगता येत नाही.

क्रम आणि आकडा वेगळे असण्याचा खरा फायदा पुढे दिसतो. समजा स्ट्रिपच्या मध्येच एक फ्यूजचे टर्मिनल घालायची वेळ आली. क्रम पुढे सरकतो, सरकू द्या. तो कुठेही छापलेला नसतो. बाकीच्यांचे आकडे मात्र जागचे हलत नाहीत. नव्या टर्मिनलला '१४ए' म्हणायचे आणि पुढे जायचे. तसेच एखादे टर्मिनल काढून टाकले तर त्याचा आकडा मोकळा राहू द्यायचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातला एखादा वाडा पडला म्हणून पुढच्या घरांचे क्रमांक कुणी बदलत नाही, पोस्टमनला विचारा. हाच न्याय इथे. मोजदाद करायची असेल तर क्रम आहे. आकडा हा पत्ता आहे, आणि पत्ता बदलला की त्या पत्त्यावर विसंबलेला प्रत्येक कागद खोटा ठरतो.

हे एकदा पटले की सॉफ्टवेअरमधली पुढची कामे सोपी होतात. प्रत्येक प्रकारच्या जेबीची एक नमुना-स्ट्रिप आधी तयार करायची. बारा जोड्यांची एक, सहा जोड्यांची एक, मार्शलिंगची एक. स्मार्टप्लँटमध्ये असे नमुने रेफरन्स एक्स्प्लोररमध्ये ठेवतात आणि लागेल तेव्हा त्यांची नक्कल काढतात. नमुन्यात टर्मिनलांचे आकडे, त्यांचे रंग, कुठली बाजू फील्डची आणि कुठली सिस्टिमची, शील्डचे टर्मिनल कितवे, हे सगळे ठरून जाते. आकडे भरताना आरंभीचा आकडा, वाढ आणि मागचे-पुढचे अक्षर दिले की बरेचसे काम सॉफ्टवेअर स्वतः करते. मग कनेक्शन टाइप: जोडीतली कुठली तार ओळीने कितव्या टर्मिनलवर बसायची त्याचा नियम. प्लस, मायनस, शील्ड असा नमुन्यातला क्रम आणि प्लस, शील्ड, मायनस असा कनेक्शन टाइपमधला क्रम, एवढी एक विसंगती राहिली, की केबल आपोआप जोडताना प्रत्येक जोडीची मायनस तार शील्डच्या टर्मिनलवर जाऊन बसते. शेकडो ठिकाणी, क्षणात, आणि दिसायला अगदी नीटनेटकी.

म्हणून नमुना तयार झाला की शंभर नकला काढण्याआधी एकच जेबी शेवटपर्यंत न्यावी. एक ट्रान्समीटर, एक जेबी, एक केबल, एक मार्शलिंग स्ट्रिप, एक कार्ड. त्याचा लूप डायग्राम छापावा, जेबीचे वायरिंग ड्रॉइंग छापावे, आणि ज्याने कधीतरी हाताने टर्मिनेशन केले आहे अशा माणसापुढे दोन्ही कागद ठेवावेत. तो पाच मिनिटांत जे सांगेल ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसते. केबल पेटीत खालून येते, मग पहिली जोडी वरच्या टोकाला कशाला? शील्डच्या तारेला स्लीव्ह घालायला बोट तरी जाते का? असे प्रश्न येतात, आणि ते आत्ताच आलेले चांगले.

जेबी तशी सुखाची. खरी गुंतागुंत मार्शलिंगच्या कपाटात असते. ते कपाट मुळात अस्तित्वात आले ते एका न जुळणाऱ्या हिशेबापोटी. केबल बारा जोड्यांची, डीसीएसचे कार्ड सोळा चॅनेलचे. चार केबलींच्या ४८ जोड्या, तीन कार्डांचे ४८ चॅनेल: कागदावर जुळते. पण प्रत्येक केबलीत दोन-तीन जोड्या स्पेअर ठेवलेल्या असतात, निविदेत २० टक्के स्पेअर मागणे सर्रास चालते. कार्डावरही स्पेअर हवे असते. शिवाय दोन पंप एकमेकांचे पर्याय असतील, तर त्यांचे सिग्नल एका कार्डावर घ्यायचे नसतात, नाहीतर एक कार्ड गेले की दोन्ही पंप आंधळे. केबल ठरते जमिनीवरच्या जागेवरून, कार्ड ठरते नियंत्रणाच्या गरजेवरून. या दोघांचा मेळ घालायला कपाटात दोन स्ट्रिप समोरासमोर येतात आणि त्यांच्यामध्ये क्रॉस वायरिंग होते.

इथे एक पथ्य पाळले तर अर्धी डोकेदुखी टळते. फील्डकडच्या स्ट्रिपने केबलचे ऐकायचे, सिस्टिमकडच्या स्ट्रिपने कार्डाचे. फील्डकडे प्रत्येक केबलीची स्वतंत्र स्ट्रिप, जेबीत होते तेच आकडे: तिथे ७+ तर इथेही ७+. स्पेअर जोड्याही दोन्हीकडे टर्मिनलवर घ्यायच्या, हवेत लोंबकळत ठेवायच्या नाहीत. सिस्टिमकडे प्रत्येक कार्डाची स्वतंत्र स्ट्रिप, आकडे चॅनेलचे: १ ते १६. सगळा गोंधळ मधल्या क्रॉस वायरिंगमध्ये राहू द्यायचा, कारण तो तिथेच शोभतो. पुढे एखादा सिग्नल एका कार्डावरून दुसऱ्यावर हलवायचा झाला तर फक्त मधली तार हलते, बाहेरची केबल जागची हलत नाही. आता इमर्सनसारख्या कंपन्या इलेक्ट्रॉनिक मार्शलिंग देतात. कुठलाही सिग्नल कुठेही आणा, ओळख सॉफ्टवेअरमध्ये पटवा. क्रॉस वायरिंग त्याने खरोखर कमी होते. टर्मिनले उरतात, आणि त्यांचे आकडेही.

अनुभवी माणसांनाही मोह होतो तो आकड्यात अर्थ भरण्याचा. १०० च्या मालिकेत ॲनालॉग, २०० मध्ये डिजिटल, ३०० मध्ये सोलेनॉइड. सुरुवातीला फार सुंदर दिसते. मग ग्राहक म्हणतो, हा लेव्हल स्विच नको, ट्रान्समीटर द्या. वस्तू ॲनालॉग झाली, केबल तीच, जागा तीच, आणि आकडा मात्र अजून २१४. तो खोटे बोलू लागला. आत काय आहे हे सांगायला पीटी-१२०१ सारखा टॅग नंबर आहे, सगळ्या सिग्नलांची यादी म्हणजे आयओ लिस्ट आहे. टर्मिनलच्या आकड्याने फक्त कुठे आहे ते सांगावे.

याला अपवाद फक्त सुरक्षेचा. जिथे ज्वालाग्राही वायू असू शकतो तिथे इन्ट्रिन्सिकली सेफ, म्हणजे आयएस सर्किट वापरतात. त्यांतली ऊर्जा इतकी कमी ठेवलेली असते की ठिणगी पडली तरी वायू पेटू नये. अशा सर्किटची टर्मिनले आणि इतर टर्मिनले यांच्यात किमान ५० मिलिमीटरचे अंतर किंवा तसाच अडसर हवा, असे आयईसी ६००७९-११ हे मानक सांगते. ओळखीसाठी रंग वापरायचा तर फिका निळा. इथे स्ट्रिप वेगळी, नाव वेगळे, सॉफ्टवेअरमधला नमुनाही वेगळाच हवा, म्हणजे कुणी घाईत निळ्या स्ट्रिपवर २३० व्होल्टची तार आणणार नाही. हा भेद सिग्नलच्या जातीचा असला तरी तो जागेतही दिसतो, म्हणून आकड्यातही यावा.

चूक झालीच तर काय होते? तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो. नामूर या उद्योगसंघटनेच्या एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेलेला सिग्नल म्हणजे बिघाड, आणि पडद्यावर तो लगेच लाल दिसतो. ही चूक ओरडून सांगते. वाईट चूक ती, जिच्यात शेजारच्या दोन सारख्या ट्रान्समीटरच्या जोड्यांची अदलाबदल होते. दोन्ही सिग्नल जिवंत, दोन्ही १२ मिलिअँपिअरच्या आसपास, पडद्यावर सगळे हिरवे. फक्त पहिल्या भांड्याचा दाब दुसऱ्याच्या नावावर दिसतो. ती सापडते लूप चेकिंगमध्ये, आणि तेही प्रत्यक्ष ट्रान्समीटरला हातपंपाने दाब देऊन पडद्यावर तोच टॅग हलतो का हे पाहिले तरच. मार्शलिंगमधूनच सिग्नल घालून लूप 'ओके' करणाऱ्यांच्या हातून ती निसटते.

यावर आपल्याकडचा जुना इलाज क्रॉस फेरूलिंग. तारेच्या टोकाला जी छापील प्लास्टिकची कडी चढवतात, ती फेरूल. तिच्यावर दोन पत्ते छापायचे: ही तार इथे कुठे बसते, आणि हिचे दुसरे टोक कुठे आहे. सुटलेली तार हातात आली तरी ती दोन्ही घरे सांगते. फेरूलचा मजकूर सॉफ्टवेअरमधूनच काढता येतो. आकडे नीट भरले असतील तर यादी सरळ फेरूल छापायच्या मशीनकडे पाठवायची.

आता हिशेब करू. एका साध्या लूपमध्ये दोन तारा, तीन टप्पे: ट्रान्समीटर ते जेबी, जेबी ते मार्शलिंग, आणि मार्शलिंगमधली क्रॉस वायरिंग. प्रत्येक तारेला दोन टोके. म्हणजे शील्ड न मोजता १२ फेरूल. दोन हजार लूपच्या कारखान्याला २४,००० फेरूल. ड्रॉइंग बांधकामासाठी निघाली, फेरूल छापून चढले, आणि मग ऑफिसातल्या कुणाला वाटले की १ ते ३६ पेक्षा ७+, ७− जास्त छान. डेटाबेसमध्ये बदल करायला एक दुपार पुरते. साइटवर मात्र माणसे शिडीवर चढून, स्क्रू सोडून, तारा काढून, जुना फेरूल कापून नवा चढवत बसतात. सोडलेला प्रत्येक स्क्रू पुन्हा तितकाच आवळला जाईल याची हमी नाही, आणि सोडलेली प्रत्येक जोडी पुन्हा तपासावी लागते. या टप्प्याला आले की वाईट नियमसुद्धा चांगल्या बदलापेक्षा स्वस्त पडतो. नियम पसंत नसला तरी पाळावा आणि पुढच्या प्रकल्पाला बदलावा.

म्हणूनच पहिली केबल काढण्याआधी आकड्यांचा नियम एका पानावर लिहावा. स्ट्रिपला नाव कसे, टर्मिनलला आकडा कसा, उभ्या स्ट्रिपवर वरून खाली आणि आडवीवर डावीकडून उजवीकडे, शील्ड कुठे, स्पेअर कसे, मध्ये टर्मिनल आले तर काय, काढले तर काय. त्यावर ग्राहकाची सही घ्यावी, पॅनेलवाल्याचीही घ्यावी. पॅनेलवाल्याला या वेळी कुणी विचारत नाही, ही आपल्याकडची जुनी खोड. मग त्याच्या कारखान्यात कपाट तयार होते त्याच्या सवयीने, आणि तपासणीला गेलेला इंजिनिअर ड्रॉइंग आणि कपाट यांच्यातल्या फरकांची यादी घेऊन परत येतो.

या कामाला नव्याने लागणाऱ्यांना एक विनंती. सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण घ्याच, पण त्याआधी एखादी वायरिंग झालेली जेबी उघडून पाहा. स्क्रूड्रायव्हर हातात घ्या, चकतीवरचा आकडा वाचा, एक तार सोडून परत बसवा. बडोद्यात राहत असाल तर त्यासाठी मकरपुऱ्यातल्या एखाद्या पॅनेल शॉपपर्यंतच जावे लागेल. आधी फोन करून जा, आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.